सैल सांध्यांची कंबर आणि पाठीतली इंजेक्शनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंड्यात फिजिओथेरपी करते. पाठीत सुई देणं माझं काम नाही. सुई घेतलेली माणसं पंधरा दिवसांनी माझ्याकडे येतात आणि डॉक्टरांना विचारायचे राहून गेलेले प्रश्न मला विचारतात. त्यातले निम्मेअधिक प्रश्न सुई घेण्याआधी विचारायला हवे होते असं मला दर वेळी वाटतं, म्हणून हे लिहून ठेवते आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे सांधे जन्मापासून सैल आहेत. त्यामुळे हा विषय माझ्या घरातलाही आहे.

संयोजी ऊतक म्हणजे काय? त्याचा कंबरेशी काय संबंध?

हाडाला हाड बांधणारं लिगामेंट, स्नायूला हाडाशी बांधणारं टेंडन, मणक्यांमधल्या चकतीचं बाहेरचं कडं, त्वचेचा आतला थर, हे सगळं संयोजी ऊतक. त्याचा मुख्य धागा कोलॅजन नावाचं प्रथिन. चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना लाकडी चौकट कितीही मजबूत असली, तरी केवणीचा दोर सैल बांधला तर फळांचे घड लोंबकळतात आणि वाऱ्यावर हलतात. कंबरेचं तसंच आहे. हाडं शाबूत असतात, एक्स-रे स्वच्छ असतो, पण बांधणी सैल असते.

काहींना ही सैलता जन्मजात असते. एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम हा त्यातला प्रसिद्ध गट. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार धरले आहेत. काहींची सैलता पडल्यामुळे, अपघातामुळे किंवा बाळंतपणानंतर एखाद्याच सांध्यापुरती येते.

एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या, कारण पुढचं बरंच तिच्यावर अवलंबून आहे. सैल सांध्यांच्या माणसाला आपली पाठ आखडली आहे असंच वाटतं. दोर धरत नाही म्हणून स्नायू दिवसभर धरून ठेवतात, आणि संध्याकाळी ते दगडासारखे होतात. मग माणूस ताण देतो, कुणाकडून तरी पाठ मोडून घेतो. दोन तास बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असतं.

माझे सांधे सैल आहेत का, हे घरी कळेल?

अंदाज येईल. बाइटन चाचणीला ९ गुण असतात. करंगळी मागे वळवून काटकोनाच्या पलीकडे जाते का, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूने हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या मागे झुकतात का, हे दोन्ही बाजूंना पाहायचं. प्रत्येक बाजूला एक गुण, म्हणजे झाले आठ. गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले तर नववा. प्रौढांमध्ये ५ किंवा जास्त गुण, पन्नाशीनंतर ४, आणि वयात न आलेल्या मुलांमध्ये ६ गुण असतील तर सांधे सर्वसाधारणपणे सैल आहेत असं मानतात.

पण सैल सांधे म्हणजे आजार नव्हे. फुगडीत वाऱ्यासारख्या फिरणाऱ्या कित्येक मुलींना आयुष्यभर काही त्रास होत नाही. सैलतेबरोबर सांधे वारंवार निसटणं, जरा लागताच काळंनिळं होणं, जखमांचे वण पातळ आणि पसरट होणं, घरात आणखी कुणाला असंच असणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा.

एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसली आहे. म्हणजे कारण सापडलं ना?

कदाचित सापडलं असेल, कदाचित नाही. ज्यांना पाठीचा काहीही त्रास नाही अशा माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. दुखत तर कुणाचंच नव्हतं. म्हणून अहवालातल्या ओळीवर सुई मारायची नसते. दुखणं कुठून सुरू होतं, कुठवर जातं, कोणत्या हालचालीने उठतं हे हाताने तपासून मग ठरवायचं असतं. डॉक्टरांनी तुम्हाला हात न लावता, केवळ फिल्म बघून इंजेक्शनची तारीख दिली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दवाखान्यात कमरेवर देतात तेच हे इंजेक्शन का?

नाही. ते बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक असतं आणि नितंबाच्या स्नायूत देतात. ते रक्तात मिसळून सगळ्या शरीरभर फिरतं. त्याने दोन दिवस सुटका होते, पण कंबरेवर उपचार झाला असं होत नाही. इथे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ती इंजेक्शनं नेमक्या जागी, बऱ्याचदा एक्स-रेच्या सी-आर्म यंत्राखाली किंवा सोनोग्राफीवर बघत दिली जातात.

मग पाठीतली इंजेक्शनं किती प्रकारची असतात?

नावं अनेक असली तरी विचारायचा प्रश्न एकच: औषध कुठल्या जागी जाणार आहे आणि तिथे जाऊन काय करणार आहे?

एपिड्युरल स्टिरॉइड मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत देतात. नस दाबली जाऊन पायात कळ जात असेल, म्हणजे सायटिका असेल, तर त्या नसेभोवतीची सूज उतरवायला ते उपयोगी पडतं. केवळ कंबर दुखते, पायात काही जात नाही, अशांना त्याचा फारसा फायदा नसतो. ब्रिटनच्या २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हे स्पष्टच लिहिलं आहे: साध्या कंबरदुखीसाठी मणक्यातली इंजेक्शनं देऊ नयेत, तीव्र आणि नुकत्या सुरू झालेल्या सायटिकासाठी एपिड्युरलचा विचार करावा. त्याचे गंभीर धोके क्वचित असले तरी खरे आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पक्षाघात, दृष्टी जाणं अशा विरळ घटनांबद्दल इशारा दिला होता.

मणक्यांच्या मागच्या बाजूला फॅसेट नावाचे छोटे सांधे असतात. तिथे जाणारी बारीक नस बधिर करून बघतात. दुखणं तेवढ्या वेळापुरतं थांबलं, तर कारण तिथे आहे असं मानतात आणि पुढे रेडिओलहरींच्या उष्णतेने ती नस काही महिन्यांसाठी निकामी करता येते. पहिली सुई म्हणजे तपासणी असते. तिचा असर उतरल्यावर "इंजेक्शन फुकट गेलं" म्हणून रडत आलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

सॅक्रोइलियाक सांधा माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला खुब्याच्या हाडाशी जोडतो. सैल बांध्याच्या बायकांमध्ये, त्यातही बाळंतपणानंतर, दुखणं इथलं असण्याची शक्यता मोठी. त्या सांध्यात स्टिरॉइड देतात किंवा त्याच्या लिगामेंटमध्ये प्रोलोथेरपी करतात (ती काय हे पुढच्या प्रश्नात). स्नायूतल्या गाठींमध्ये दिली जाणारी ट्रिगर पॉइंट इंजेक्शनं सर्वांत साधी आणि उथळ. स्वतःच्या रक्तातून यंत्रात प्लेटलेट वेगळ्या काढून दुखऱ्या जागी देतात त्याला पीआरपी म्हणतात.

प्रोलोथेरपी म्हणजे साखरेचं इंजेक्शन, हे खरं का?

खरं आहे. साधारण १२.५ ते २५ टक्के डेक्स्ट्रोजचं द्रावण, त्यात थोडं भुलीचं औषध, आणि सुईचं टोक लिगामेंट हाडाला चिकटतं तिथे. इतकं दाट साखरपाणी पेशींना चिडवतं. शरीर तिथे दुरुस्ती सुरू करतं, आणि नवं कोलॅजन तयार होऊन बांधणी घट्ट व्हावी अशी अपेक्षा असते. प्रोलोथेरपी हे नाव १९५० च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज हॅकेट यांनी रूढ केलं. कंबरदुखीचं मूळ लिगामेंटच्या सैलपणात आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

एका बैठकीत अनेक जागी टोचतात. मग काही आठवडे थांबून पुन्हा, असं साधारण तीन ते सहा वेळा. नंतर दोन-तीन दिवस दुखणं वाढतं, कारण सूज आणणं हाच उद्देश असतो. त्यामुळे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा सूज मारणाऱ्या गोळ्या त्या दिवसांत घ्यायच्या नसतात. दुखलंच तर बहुधा पॅरासिटामॉल सांगतात. हेच पीआरपीलाही लागू. घरच्यांनी प्रेमाने दिलेली ठणक्याची गोळी इथे उपचाराच्या उलट जाते, म्हणून घरात आधीच सांगून ठेवा.

पण त्याचा गुण येतो का? पुरावा काय?

यावर मला सावकाश लिहायचं आहे, कारण जाहिराती याच प्रश्नावरून उडी मारून पुढे जातात.

ऑस्ट्रेलियात जुनाट कंबरदुखीच्या ११० रुग्णांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना डेक्स्ट्रोज टोचलं, काहींना त्याच जागी साधं सलाईन. वर्षभराने दुखणं निम्म्याहून कमी झालेले लोक डेक्स्ट्रोजच्या गटात ४६ टक्के आणि सलाईनच्या गटात ३६ टक्के होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. दोन्ही गट सुधारले, हेही तितकंच खरं. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००७ च्या कॉक्रेन आढाव्याचा सूर असा होता की प्रोलोथेरपी एकटी दिली तर जुनाट कंबरदुखीत प्रभावी दिसत नाही. व्यायाम आणि इतर उपचारांच्या जोडीने दिल्यास फायदा होऊ शकतो.

दुसरीकडे, दक्षिण कोरियातल्या २०१० च्या एका छोट्या अभ्यासात दुखणं सॅक्रोइलियाक सांध्याचंच आहे याची आधी भुलीची सुई देऊन खात्री केली होती. मग काहींना डेक्स्ट्रोज, काहींना स्टिरॉइड. सुरुवातीला दोघांना सारखाच आराम पडला. १५ महिन्यांनी मात्र डेक्स्ट्रोजच्या गटात सुमारे ५९ टक्के लोकांचा आराम टिकून होता, स्टिरॉइडच्या गटात सुमारे १० टक्के.

या दोन अभ्यासांतून मी जे घेतलं ते असं: "कंबर दुखते" एवढ्यावर सुई दिली तर डेक्स्ट्रोज आणि सलाईन जवळजवळ सारखंच. जागा आधी पक्की केली तर चित्र बदलतं. म्हणून "कुठलं इंजेक्शन चांगलं?" हा प्रश्न मला उशिराचा वाटतो. "दुखणं नेमकं कुठलं आहे, आणि ते तुम्ही कसं ओळखलंत?" हे डॉक्टरांना आधी विचारा. आणि लक्षात घ्या, हे रुग्ण सर्वसाधारण कंबरदुखीचे होते. एहलर्स-डॅनलॉससारख्या जन्मजात सैलतेत कोलॅजनच वेगळ्या घडणीचं असू शकतं. तिथे नवं कोलॅजन तितकंच घट्ट होईल असं छातीठोकपणे कुणी सांगत असेल, तर तो पुराव्याच्या पलीकडे बोलतो आहे.

मला मधुमेह आहे. साखरेचं इंजेक्शन चालेल का?

हा प्रश्न गोव्यात रोज येतो आणि यायलाच हवा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीत देशातलं मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात होतं, २६.४ टक्के. देशाची सरासरी होती ११.४.

हिशेब करून बघा. १५ टक्क्यांचं २० मिलिलिटर द्रावण म्हणजे ३ ग्रॅम साखर, चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. त्याने रक्तातली साखर फारशी हलत नाही. हलवतं ते स्टिरॉइड, ज्याच्या नावात साखर नाही म्हणून कुणाला भीती वाटत नाही. स्टिरॉइडच्या एका इंजेक्शननंतर साखर काही दिवस, कधी आठवड्याहून जास्त काळ चढी राहू शकते. तेव्हा सुईच्या आधीचा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) बघा, नंतरचे दिवस घरी साखर मोजा आणि औषधाचा डोस बदलायचा का हे आधीच विचारून ठेवा. साखर आवाक्याबाहेर असेल तर जंतुसंसर्गाची भीती कुठल्याही सुईला असते, डेक्स्ट्रोजलाही.

सैल सांध्यांच्या माणसाने सुईआधी काय सांगायलाच हवं?

पहिलं, भूल. एहलर्स-डॅनलॉसच्या अनेक रुग्णांमध्ये जागेवर दिलेली भूल नीट चढत नाही किंवा लवकर उतरते. माझी बहीण एका ठिकाणी इंजेक्शनच्या टेबलावर "दुखतंय, दुखतंय" म्हणत राहिली आणि तिला उत्तर मिळालं, "एवढं काही दुखत नसतं." ती बाहेर आली तेव्हा पांढरीफटक पडली होती. त्याआधी दाढ काढतानाही तिला तीन वेळा भूल द्यावी लागली होती, पण ही गोष्ट इथे सांगावी हे आम्हाला दोघींनाही सुचलं नव्हतं. मला तर सुचायला हवं होतं. तुम्ही मात्र सांगा. दाताच्या वेळी, टाके घालताना भूल चढली नव्हती का, हे कागदावर लिहून न्या.

दुसरं, रक्त. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण ती स्वतःहून बंद करू नका. जरासं लागल्यावर मोठे डाग उठत असतील तर तेही सांगा.

तिसरं, घराण्याचा इतिहास. घरात कुणी अचानक महाधमनी फुटून किंवा तरुणपणी अवचित गेलं असेल, कुणी खूप उंच, लांब हातापायांचं असेल, डोळ्याचं भिंग सरकलं असेल, तर आधी मार्फान सिंड्रोमची, म्हणजे संयोजी ऊतकाच्या आणखी एका जन्मजात आजाराची, शंका तपासून घ्यायला हवी. त्यात हृदयाची इको लागते. मार्फानमध्ये मज्जारज्जूचं आवरण खालच्या भागात फुग्यासारखं पसरलेलं असू शकतं. त्यानेही कंबर दुखू शकते आणि तिथे एपिड्युरल सुई देणं धोक्याचं ठरतं. एहलर्स-डॅनलॉसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकारात तर अनावश्यक सुया टाळायच्याच असतात.

आणि स्टिरॉइड. ते कोलॅजन कमकुवत करतं. ज्याचा दोर आधीच सैल आहे त्याच्या लिगामेंटजवळ वारंवार स्टिरॉइड देणं मला पटत नाही. सांध्यात मोजून, कारणाने दिलेलं समजू शकते. वर्षाला तीन-चारच्या वर सहसा कुणालाच देत नाहीत. सैल बांध्याच्या माणसाने त्याहूनही हात आखडता घ्यावा.

सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई दिली होती. तेव्हापासून कंबर धरली आहे. त्याचाच परिणाम ना?

दहा बायकांतल्या आठजणी मला हे सांगतात. टोचलेल्या जागी काही दिवस ठणका राहतो, पण भुलीच्या सुईने वर्षानुवर्षांची कंबरदुखी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे लिगामेंट सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात, मग बाळाला कडेवर घेऊन एका खुब्यावर वजन टाकून उभं राहणं सुरू होतं. कंबर धरते ती यामुळे. सुईला दोष दिला की स्नायूंकडे कुणी बघत नाही, आणि बाळ शाळेत जायला लागलं तरी आईची कंबर तिथेच.

सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ वळतच नाही. ही पण सैलताच का?

बहुधा वेगळं आहे. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, विश्रांतीने वाढणारी, हालचालीने कमी होणारी, पहाटे झोपमोड करणारी कंबरदुखी असेल तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससारखा सुजेचा आजार तपासायला हवा. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ. त्यातही इंजेक्शनं असतात, पण ॲडालिमुमॅबसारखी, त्वचेखाली द्यायची आणि प्रतिकारशक्तीवर काम करणारी. ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे. ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम असेल तर ते उलगडल्याशिवाय पाठीत स्टिरॉइड घेऊ नका.

स्टेम सेलच्या इंजेक्शनबद्दल ऐकलं. घ्यावं का?

नको. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारख्या मोजक्या कारणांपलीकडे ते संशोधनापुरतंच आहे. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नसतात.

गोव्यात कुठे जावं? खर्च कसा असतो?

सुरुवात बांबोळीच्या गोमेकॉतून, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून, करावी असं मी सांगते. अस्थिरोग, भूलशास्त्र आणि बाकीचे विभाग एकाच आवारात असल्याने एका विभागातून दुसऱ्याकडे पाठवणं सोपं जातं. उत्तरेत म्हापशाचं आझिलो, दक्षिणेत मडगावचं जिल्हा इस्पितळ आहे. वाळपई-सांग्याच्या माणसाला बस बदलून यायचं म्हणजे दिवस जातो, म्हणून सगळे जुने कागद एकदम न्या. खासगीत जाणार असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर हा उपचार बसतो का, हे तारीख घेण्याआधी काउंटरवर विचारा. डेक्स्ट्रोजची बाटली स्वस्त असते. पैसे जातात ते डॉक्टरांचं कसब आणि यंत्र यांचे. म्हणून "किती इंजेक्शनांचं पॅकेज?" यापेक्षा "यंत्रावर बघून देणार की अंदाजाने?" हे विचारा. आणि पहिल्या दोन बैठकांत काहीच फरक नसेल तर थांबायचं का, हेही आधीच ठरवून घ्या.

घेतल्यावर घरी कसं जायचं? धोक्याची लक्षणं कोणती?

सोबत कुणीतरी हवं. स्वतः स्कूटर चालवायची नाही, पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसूनही जायचं नाही. भुलीमुळे पाय काही तास लटपटू शकतो. त्या दिवशी आराम, दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालणं.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पाय उचलेना, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका; १०८ ला फोन करा. बसलं-उभं राहिलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर मज्जारज्जूच्या आवरणातून पाणी झिरपत असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

इंजेक्शनने बरं वाटलं तर व्यायाम कशाला?

इंजेक्शनने दुखणं थांबतं ते बऱ्याचदा काही आठवडेच. त्या आठवड्यांत स्नायूंना काम शिकवून घेतलं नाही तर दोर पुन्हा तसाच. सैल माणसाला ताण देणारे नव्हे, धरून ठेवणारे व्यायाम हवेत: उताणं झोपून कंबर उचलून धरणं, हात-गुडघे जमिनीला टेकून एक हात आणि उलटा पाय लांब करून स्थिर राहणं, भिंतीला हात टेकून प्लँक. कमी वेळा, हळू, रोज. योगवर्गात अशा मुलींचं फार कौतुक होतं, सगळ्यांना दाखवायला पुढे बसवतात. त्यांनी शेवटपर्यंत वाकू नये. जिथे सहज थांबता येतं त्याच्या अलीकडे थांबावं. आणि कुणाकडूनही पाठ कडकड मोडून घेऊ नये, मग तो गावातला हाडवैद असो की किनाऱ्यावरचा मालिशवाला.

आदोळीवर बसून नारळ कधी खवता येईल?

पहिला पंधरवडा नाहीच. नंतरही जमिनीवर एक पाय दुमडून, कंबर पिळून बसणं सॅक्रोइलियाक सांध्याला सर्वांत वाईट. आदोळी टेबलाला घट्ट लावून उभ्याने खवा, किंवा घरात दुसरं कुणी असेल तर त्याला सांगा. काजूच्या हंगामात बिया वेचतानाही तेच. कंबरेतून ओणवं राहून बागभर फिरू नका. एक गुडघा टेका, हाताच्या टप्प्यातल्या बिया उचला, उठा, पुढे सरका. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी यासाठी गुडघ्याला जुन्या गोधडीचा तुकडा बांधला आहे, आणि गेला हंगाम त्यांनी पूर्ण काढला.